काटा हिरव्यात

माझे वडील रुग्णालयांतल्या खोल्यांची हवा तपासतात. हे सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे नेमकं करतात काय?" आई असताना हे उत्तर तिच्याकडे असायचं. "लोक कामाला जातात, आमचे हे हवा खायला जातात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि बाबा शेजारीच बसून, विषय दुसऱ्याच कुणाचा चालू आहे असं समजून, वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

काम किचकट आहे, पण समजायला सोपं आहे. ज्याचा आजार दुसऱ्याला लागू शकतो त्याच्या खोलीतली हवा बाहेर येता कामा नये. म्हणून तिथे पॅसेजमधली हवा दाराच्या फटीतून आत ओढली जाते. ज्याच्या अंगात साधा जंतू झेलायचीही ताकद उरलेली नाही, त्याच्या खोलीत नेमकं उलट. तिथे गाळलेली हवा वरून इतकी सोडतात की ती फटीतून सारखी बाहेर जात राहते आणि बाहेरची धूळ, बुरशी, कुणाचा खोकला आत शिरत नाही. हवा कुठून कुठे चालली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बाबांना ते बघावं लागतं. त्यांच्या पेटीत नाजूक यंत्रं आहेत, पण सगळ्यात आधी ते खिशातून पातळ कागदाची पट्टी काढतात, दार लावून घेतात, उकिडवे बसतात आणि पट्टी दाराखालच्या फटीसमोर धरतात. पट्टी जिकडे झुकेल तिकडे हवा चालली.

ही सवय कामापुरती राहिली नव्हती. नाटकाला गेलं की पडदा उघडायच्या आधी त्यांचं छताकडे बघून व्हायचं. मामाच्या नव्या घरी जेवायला बोलावलं होतं तेव्हा ते न्हाणीघराच्या दाराशी कागद धरून बसले, आणि मामी आईच्या कानाशी लागून म्हणाली, "भाऊजींचं काही हरवलंय का?" आई म्हणाली, "हो, लक्ष. लग्नाआधीपासूनच हरवलंय."

आईच्या रक्तात बिघाड झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की उपचारात आधी तिची सगळी प्रतिकारशक्ती काढून टाकावी लागेल आणि मग ती नव्याने येईपर्यंत तिला जपावं लागेल. त्यासाठी ज्या प्रकारची खोली लागते तशा खोल्या ज्या रुग्णालयात होत्या, तिथली हवा बाबाच कितीतरी वर्षं तपासत आले होते. आईला रांगेतली शेवटची खोली मिळाली. बाबांना जरा अभिमानच वाटला असावा. मंगल कार्यालयात ओळखीचा आचारी निघाल्यावर माणूस जसा निर्धास्त होतो, तसे ते पॅसेजमधून चालत होते.

आम्ही आत गेलो, तोंडाला मास्क, डोक्याला टोप्या. बाबांनी पिशवी ठेवली आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

"अहो," आई पलंगावरून म्हणाली.

"अं?"

"तो कागद आत ठेवा."

"एकदाच बघतो. मिनिटभर."

"तुमच्या मिनिटभराची मला चांगली ओळख आहे. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याबरोबर एकाही खोलीत नुसते बसलेले नाही. इथे तुम्ही नोकरीला नाही. बायकोला बघायला आला आहात ना? मग बायकोला बघा. दाराला बघायला माणसं आहेत."

"अगं, पण तुझ्यासाठीच ना..."

"बाहेर काटा आहे की नाही? तुम्हीच सांगता ना, काटा हिरव्यात म्हणजे सगळं ठीक?"

अशा प्रत्येक खोलीबाहेर दाराशेजारी एक गोल तबकडी असते. खोलीतली हवा बाहेर ढकलली जात असेल तर तिचा काटा हिरव्या पट्ट्यात राहतो, जोर कमी झाला की लाल पट्ट्यात उतरतो. नर्सबाई पाळी बदलताना तो बघतात.

"हिरव्यात आहे," बाबा म्हणाले.

"मग बसा. आणि घ्या माझी शपथ, या खोलीत तो कागद बाहेर निघणार नाही म्हणून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हसत होते. आईही हसत होती, पण हात पुढे करून बसली होती. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि खुर्ची ओढली.

आणि ते बसले. पहिले काही दिवस सरकारी कार्यालयात नंबर लावून बसतात तसे, गुडघ्यांवर हात ठेवून. मग त्यांना बसणं जमायला लागलं. ते आईचे पाय चेपायचे. मी कोऱ्या करकरीत, आतापर्यंत कुणी न हाताळलेल्या कादंबऱ्या पुसून आणून द्यायचे, त्या ते तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. वर्णन, संवाद, विलाप, सगळं एका सुरात, बातम्या वाचल्यासारखं. "थांबा," आई मधेच म्हणायची, "ती मेली का? तुमच्या आवाजावरून काही कळलं नाही." बाबा दोन ओळी मागे जाऊन बघायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "मेली." दुपारी आईला गाढ झोप लागायची. तेव्हाही बाबा खुर्चीतून उठायचे नाहीत. पुस्तकात बोट घालून तिच्याकडे बघत बसायचे. मी त्या दोघांना इतकी वर्षं ओळखत होते, पण एकमेकांबरोबर असे कधी बघितले नव्हते.

मग ताप आला. छातीच्या फोटोत डाग दिसले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात बुरशी आहे. कुठून आली हे सांगता येणार नाही. घरून येतानाच श्वासातून आली असेल आणि शक्ती गेल्यावर तिनं डोकं वर काढलं असेल. औषधं दिली. आईनं ती घेतली, आणि तरी ती गेली.

बाबांनी तेव्हा कुणाला काही विचारलं नाही. घरी आल्यावर ते कामावर जायला लागले, पण घरात हवेचा विषय बंद झाला. आधी ते सकाळी उठून समोरासमोरच्या खिडक्या उघडायचे. आता त्या मी उघडायचे.

काही महिन्यांनी त्या रुग्णालयाच्या तपासणीची पाळी आली. त्यांच्या साहेबांनी स्वतःहून सांगितलं की दुसऱ्याला पाठवतो. बाबा म्हणाले, "माझं आहे ते मीच करतो." त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवायची नव्हती. म्हणून मी सोडायला गेले. मी खालीच थांबणार होते.

"वर ये," ते म्हणाले. "दार लावायला माणूस लागतो."

दार लावायला तिथे माणसांची कमतरता नव्हती. तरी मी गेले.

त्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर अंगानं भरलेल्या आणि जिभेनं चटपटीत होत्या. बाबांना त्या पहिल्यापासून वारेकाका म्हणत. आईच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी स्वतःची सुट्टी रद्द केली होती. आम्हाला बघून त्या खुर्चीतून उठल्या.

"काका, तुम्ही? मला वाटलं दुसऱ्या कुणाला पाठवतील."

"का? मी म्हातारा दिसायला लागलो?"

"ते तर तुम्ही पूर्वीपासूनच दिसता. चहा सांगू?"

"काम झाल्यावर. शेवटची खोली कधी रिकामी झाली?"

"मागच्या आठवड्यात. तुमच्या तपासणीसाठीच ठेवलीय तशी."

बाबांनी बाकीच्या खोल्या आधी केल्या. सगळ्या ठीक निघाल्या. प्रत्येक खोलीत पट्टी बाहेरच्या बाजूला झुकली, यंत्रानंही तेच सांगितलं. त्यांचे हात चालत होते आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. शेवटच्या दाराशी आल्यावर ते थांबले. तबकडीकडे बघितलं.

"काटा हिरव्यात," असं स्वतःशीच म्हणून ते माझ्याकडे वळले. "तू आत जा. दार लाव आणि हलू नकोस."

मी आत गेले. पलंगावर चादर नव्हती, गादीवर जाड प्लास्टिक होतं. खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. ती तीच होती की दुसरी, मला सांगता येणार नाही; तिथल्या सगळ्या खुर्च्या सारख्याच. मी दार लावलं. दाराच्या काचेतून बाबांचं डोकं खाली गेलेलं दिसलं. मी वाट बघत राहिले. डोकं वर आलं नाही.

मग टकटक झाली. मी दार उघडलं.

"नीट लावलं नव्हतंस."

"लावलं होतं, बाबा."

"परत लाव. खटका लागतो तो ऐक."

मी परत लावलं, खटका ऐकला, शिवाय हातानं ओढून बघितलं. ते पुन्हा खाली बसले आणि पुन्हा तितकाच वेळ गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बाहेर बोलावलं, पट्टी माझ्या हातात दिली आणि स्वतः आत जायला वळले. "डोळ्याचं काही खरं नाही सध्या," ते म्हणाले. "तू बघ."

मी उकिडवी बसले, पट्टी फटीसमोर धरली. आतून त्यांचा आवाज आला, दारामुळे दबलेला.

"कुठे झुकतेय?"

मी श्वास रोखून बघितलं. पट्टी सरळ खाली लोंबत होती.

"कुठेच नाही."

"नीट बघ."

"कुठेच नाही, बाबा."

दार उघडून ते बाहेर आले. त्यांनी आधी हिरव्यातल्या काट्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पट्टीकडे, आणि पेटी उघडली. यंत्र लावलं, नळ्या जोडल्या, खोलीत जाऊन छतातल्या जाळीसमोर मीटर धरलं. मग सिस्टरांकडून शिडी मागून घेतली, आणि मी नको म्हणत असताना चढून पॅसेजच्या छताचा एक तक्ता वर उचलला आणि आत डोकं घातलं.

खाली आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर धूळ होती. सिस्टर एव्हाना येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाबांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं, सावकाश.

तबकडीला दोन नळ्या असतात. एक खोलीतल्या हवेचा जोर घेते, दुसरी पॅसेजमधल्या हवेचा. दोन्हींतला फरक म्हणजे काटा. पॅसेजच्या नळीचं टोक छताच्या तक्त्यातून खाली डोकावलेलं असायला हवं. ते वर ओढलं जाऊन छतावरच्या पोकळीत पडलं होतं. पोकळीतली हवा पंखे कायम खेचून घेत असतात, तिथे जोर नसतोच. तेव्हा खोलीची तुलना पॅसेजशी होतच नव्हती, पोकळीशी होत होती, आणि पोकळीपुढे कुठलीही खोली वरचढच ठरते. आत हवा गाळणारी जाळी हळूहळू तुंबत गेली होती, खोलीतला जोर उतरत उतरत पॅसेजइतकाच झाला होता. दारातून हवा जात नव्हती, की येत नव्हती; कुणी दार उघडलं की मनाला येईल तिकडे फिरत होती. काटा शुद्धीवर असता तर केव्हाच लाल पट्ट्यात उतरला असता.

"नळी आपण होऊन वर जात नाही," बाबा म्हणाले. "इथे कोण चढलं होतं?"

सिस्टरांनी वर बघितलं. काढलेल्या तक्त्याला लागूनच छतातला दिवा होता, बाकीच्यांपेक्षा पांढरा.

"दिवा बदललाय तो," त्या म्हणाल्या.

"केव्हा?"

त्यांनी किंचित वेळ घेतला. "मागच्याच आठवड्यात. खोली रिकामी झाल्यावर. तुम्ही येणार म्हणून म्हटलं सगळं एकदम करून टाकू."

बाबांचा चेहरा सैल पडला. दुसरा शब्द मला सुचत नाही. आई गेल्यापासून त्यांच्या जबड्यापाशी काहीतरी आवळलेलं होतं, मला त्याची सवय झाली होती. ते सुटलं तेव्हा कळलं की ते होतं. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, रुमालानं भुवया पुसल्या.

"मागच्या आठवड्यात," ते म्हणाले. "बरं. मग रिकामीच होती म्हणायची. आता द्या तो चहा."

चहा आला. आम्ही तिघं सिस्टरांच्या टेबलाभोवती बसलो. मी कप हातात घेतला आणि मला ते पाय आठवले.

आईला त्या खोलीत आणून थोडेच दिवस झाले होते. बाबा औषधं आणायला खाली गेले होते. दाराच्या काचेतून आम्हाला पॅसेजमध्ये दोन पाय दिसले, शिडीवर उभे, गुडघ्यांच्या वर सगळं छतात गेलेलं. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. आई उशीवरून बघत होती. "देव खाली उतरतोय वाटतं," ती म्हणाली. "पण मोजा फाटका आहे गं त्याचा." आम्ही दोघी हसलो, आणि तेवढ्यात याच सिस्टर तरातरा आल्या आणि त्या पायांना झापू लागल्या, की इथे पेशंट असताना दिव्यासाठी छत उघडायला तुला सांगितलं कुणी.

मी मान वर केली. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या. मी तिथे होते हे त्यांनाही आठवलं होतं. त्यांच्या नजरेत दटावणी नव्हती, विनवणीही नव्हती म्हणायला हरकत नाही. एवढंच होतं की, बघ, त्यांना चहा पिऊ दे.

मीही पिऊ देणार होते. उगाच मोठेपणा घेणार नाही. माझ्या डोक्यात फक्त बाबांचा तो सुटलेला चेहरा होता. आई परत येणार नव्हती, आणि एका माणसाला त्याच्या म्हातारपणी एवढी मोकळीक मिळायला काय हरकत होती? वाचलेल्या पुस्तकांतल्या किती माणसांना मी मनातल्या मनात अशी खोटं बोलायची परवानगी दिली आहे.

पण खोली मागच्या आठवड्यात रिकामी झाली, असं सकाळी सिस्टरच म्हणाल्या होत्या. रिकामी झाली म्हणजे तोवर त्या पलंगावर कुणीतरी होतं. ते मनात आलं आणि मी कप टेबलावर ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "दिवा आई असतानाच बदललाय."

त्यांनी कप खाली ठेवला नाही. तो तसाच ओठांपाशी धरून माझ्याकडे बघितलं.

"तू होतीस?"

"होते. तुम्ही औषधांना गेला होता."

"ती जागी होती?"

"हो."

"काही म्हणाली?"

मी त्यांना देवाचं आणि मोज्याचं सांगितलं. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं, ते आलं आणि तिथेच राहिलं, त्याला पुढे काय करावं कळेना. मग त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"काका," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा आवाज कुठेतरी गेला होता. "मला वाटलं, तुम्हाला उगाच... आता त्याचा काय उपयोग, म्हणून..."

"मला कळलं ते, सिस्टर. मी रागावलो नाही. तिच्यानंतर त्या खोलीत कोण होतं?"

सिस्टरांनी हात तोंडावर नेला. तो विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता, हे मला शपथेवर सांगता येईल. त्या फक्त बाबांकडे बघत होत्या, आणि आईनंतर त्या पलंगावर झोपलेली माणसं त्यांना दिसली नव्हती.

"दोघं," त्या म्हणाल्या. "एक निवृत्त शिक्षिका होत्या. ठणठणीत घरी गेल्या, परवा त्यांचा फोनही आला होता. आणि एक ट्रकवाले. मागच्या आठवड्यात घरी सोडलं त्यांना." त्या थांबल्या. "काल परत आलेत. ताप आहे, खोकला आहे. वरच्या मजल्यावर ठेवलंय. कशामुळे ते अजून कळलेलं नाही."

फोन त्यांनीच उचलला. डॉक्टरांशी बोलताना त्यांनी काही लपवलं नाही. नळी, जाळी, दिवा, केव्हापासून, सगळं सांगितलं. "हो, वारेकाकांची पत्नी असतानापासून," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि बाबांनी मान हलवली, जणू डॉक्टर समोर बसले आहेत. डॉक्टरांनी लगेच ट्रकवाल्यांच्या छातीचा फोटो काढायला सांगितलं. बुरशीचं औषध ते आजच सुरू करणार होते. शिक्षिकाबाईंनाही बोलावून घेणार होते. खोली बंद ठेवा म्हणाले.

बाबांनी पेटी भरली. एकेक यंत्र फडक्यात गुंडाळून ज्याच्या त्याच्या जागी.

"लिफ्ट नको," ते म्हणाले. "जिन्यानं जाऊ."

मला वाटलं खाली. ते वर निघाले.

जिन्याच्या मधल्या वळणावर ते कठड्याला धरून थांबले. दम लागला असेल म्हणून मी पेटी त्यांच्या हातातून घेतली.

"तिच्या वेळी जाळी किती तुंबली होती, हे आता कुणाला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "तेव्हा हवा जातही असेल बाहेर. पट्टी झुकलीही असती."

"हो, बाबा."

"नसतीही झुकली."

मी पेटी दोन्ही हातांत धरली.

"दुपारी झोपायची ना ती. गाढ. मी कागद धरला असता तर तिला कळलंसुद्धा नसतं." त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, तिथे नसलेली धूळ झटकावी तसा. "शपथ झोपेतही लागू असते, असं मला वाटायचं. काय माणूस मी."

"तुम्ही तिचं ऐकलंत. तिला तेच हवं होतं."

"ते झालं गं. ते मी सोसेन." ते वरच्या पायऱ्यांकडे बघत होते. "बुरशी म्हणाले ना डॉक्टर, त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं, खोली एकदा बघायला हवी. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी उघडून दिली असती त्यांनी. इतक्या वर्षांची ओळख. मी नाही सांगितलं. म्हटलं, पाळी येईल तेव्हा येईल. पाळी आल्यावर बघितलं तर ते काम असतं. पाळीआधी बघितलं तर... मला भीती वाटली. काय निघेल याची. आणि त्या पलंगावर तोवर माणसं झोपत होती."

आता मला कळलं, ते सकाळी मला वर ये का म्हणाले होते: जे निघेल ते एकट्यानं बघायची त्यांची तयारी नव्हती. सिस्टर मागच्या आठवड्यात म्हणाल्या तेव्हा त्यांचा चेहरा कशानं सुटला होता, तेही कळलं: तसं असतं तर त्यांच्या टाळण्यानं कुणाचंच काही बिघडलं नसतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. पेटी दोन्ही हातांत होती. ती खाली ठेवेपर्यंत ते चालू लागले होते.

वरच्या मजल्यावर पॅसेजमध्ये एक लांब बाक होता. त्यावर एक बाई बसल्या होत्या, बाबांहून बऱ्याच लहान, मांडीवर पिशवी, पायाशी पाण्याची बाटली. समोरच्या खोलीचं दार बंद होतं. बाबा तिथे जाऊन उभे राहिले. त्यांनी दाराकडे बघितलं नाही.

"बसू का?"

बाईंनी बाटली उचलून जागा केली. मी थोडी लांब, भिंतीला टेकून उभी राहिले.

"आत कोण आहे तुमचं?" बाबांनी विचारलं.

"मालक. गाडी चालवतात. घरी नेलं होतं, परत आणावं लागलं." त्या थकलेल्या होत्या, पण बोलायला कुणी मिळालं याचं त्यांना बरं वाटलं असावं. "डॉक्टर येणारेत म्हणे आता. सकाळपासून येणारच आहेत."

"येतील. खरंच येतायत. मी आत्ताच ऐकलं."

"तुम्ही इथे कामाला आहात?"

"हो." ते थांबले. "तुमच्या मालकांच्या आधी त्या खालच्या खोलीत माझी बायको होती. शेवटच्या."

बाईंचा चेहरा उजळला. अनोळखी ठिकाणी गाववाला भेटावा तसं झालं त्यांना. त्या बाबांच्या बाजूला वळल्या.

"अय्या, हो का? मग त्यांचंही हेच झालं असेल ना, ताप वगैरे? बऱ्या आहेत ना आता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टरांनी खाली शिडीपाशी जो वेळ घेतला होता, तोच मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मी नजर वळवली नाही, पण मदतही केली नाही. त्यांना काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

"नाही," बाबा म्हणाले. "ती गेली. पण तिचं फार उशिरा कळलं, तुमचं आज कळलंय. का कळलं आणि कसं, ते डॉक्टर येऊन सांगतील. त्यांनी सांगितल्यावर तुम्हाला मला काही विचारायचं असेल, बोलायचं असेल, वाटेल ते, तर मी इथेच बसलोय."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना अर्धंच समजलं होतं, आणि ते अर्धं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत होतं. त्यांनी पिशवी छातीशी धरली. पण त्या सरकल्या नाहीत, आणि बाबाही उठले नाहीत.

लिफ्टचं दार उघडलं. डॉक्टर आमच्याच दिशेनं येत होते.